कडक साहेब गेले, गोड साहेब आले. तरी विभागातील समाधान का घटले?

प्रश्न : पाळीप्रमुख, वेर्णा

नमस्कार. गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात मी पॅकिंग विभागाचा पाळीप्रमुख आहे. कोणाची बदनामी करण्याचा हेतू नसल्याने कारखान्याचे नाव देत नाही. एक कोडे मला सुटत नाही, ते येथील जाणकारांपुढे ठेवतो.

अकरा वर्षांत मी दोन विभागप्रमुख पाहिले. पहिले साहेब इतके कडक होते की त्यांच्या बुटांचा आवाज आला की बोलणे आपोआप थांबत असे. आमच्या कामात एक बॅच संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी आधीच्या बॅचची एकही गोळी, फॉइलचा एकही तुकडा किंवा एकही माहितीपत्रक मशीनवर किंवा मशीनखाली राहिलेले नाही, याची तपासणी करून उत्पादन आणि गुणवत्ता या दोन्ही विभागांनी सही करायची असते. यालाच आम्ही लाइन क्लिअरन्स म्हणतो. मी नवा असताना माझ्या सहीनंतर ब्लिस्टर मशीनच्या, म्हणजे गोळ्या फॉइलच्या पाकिटांत बंद करणाऱ्या यंत्राच्या, पट्ट्याखाली एक पांढरी गोळी सापडली. साहेबांनी मला सगळ्या पाळीसमोर असे झापले की त्या दिवशी राजीनामा लिहावा असे वाटले. मात्र झापून झाल्यावर त्यांनी खिशातून टॉर्च काढला, ते गुडघ्यांवर बसले, मलाही शेजारी बसवले आणि पट्ट्याच्या कडेच्या पट्टीखाली गोळी नेमकी कोठे अडकते व ती उभ्याने पाहणाऱ्याला का दिसत नाही, हे दाखवले. ती जागा मी आजही आधी पाहतो.

दीड वर्षापूर्वी ते निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. ते उच्चशिक्षित आणि मृदुभाषी आहेत. हेल्परलाही ‘तुम्ही’ म्हणतात, दालनाचे दार उघडे ठेवतात, दर सोमवारी सर्वांना मत विचारतात आणि वाढदिवसाला केक आणवतात. पहिले दोन महिने आम्हाला अक्षरशः सुटल्यासारखे वाटले. त्यानंतर काय बिनसले ते समजत नाही. चार अनुभवी ऑपरेटर सोडून गेले आणि त्यांतील दोघे तर याच वसाहतीत जवळपास तेवढ्याच पगारावर लागले. आजारपणाच्या रजा वाढल्या आहेत, सोमवारच्या बैठकीत सगळे खाली मान घालून बसतात, आणि तरीही वार्षिक पाहणीच्या अर्जात ‘आपण आपल्या वरिष्ठांबाबत समाधानी आहात काय’ या प्रश्नापुढे बहुतेकांनी ‘होय’ अशीच खूण केलेली आहे.

सोडून गेलेल्यांपैकी एकाला मी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब बरो मनीस, पूण ताचें कितें तें कळना.’ थोडक्यात, माणूस चांगला, पण थांग लागत नाही. आणखी एक फरक सांगायला हवा. जुने साहेब पुढच्या महिन्याचे पाळीपत्रक २५ तारखेला फलकावर लावीत आणि ते सहसा बदलत नसे. आता पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि रात्री नऊच्या सुमारास ‘उद्या कृपया सहकार्य करावे’ अशा विनंतीसह बदलते. केपे-सांगेहून कंपनीच्या बसने येणाऱ्यांची त्यामुळे फार ओढाताण होते.

अधिकारशाही पद्धतीने कर्मचाऱ्यांचे समाधान घटते आणि सहभागी पद्धतीने वाढते, असे मी पदविकेच्या अभ्यासात शिकलो होतो. आमच्या विभागात हे उलटे का झाले?

उत्तर : फोंड्यातील अध्यापिका

मी महाविद्यालयात व्यवस्थापन शिकवते आणि तुमच्या प्रश्नातील शेवटचे वाक्य दरवर्षी उत्तरपत्रिकांत वाचते. ते चूक नाही, मात्र ते अर्धेच आहे. तुमच्या नव्या साहेबांना तुम्ही ‘सहभागी’ या खणात टाकले आहे. मला ते तेथे बसवता येत नाहीत.

पुस्तकांत नेतृत्वशैलीचे तीन खण असतात. ते आले कोठून, ते आधी पाहावे लागेल. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतील आयोवा येथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या छंदमंडळांवर प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुले मुखवटे बनवण्यासारखी कामे करीत. एका प्रकारचा प्रौढ नेता प्रत्येक पायरी स्वतः ठरवून पुढच्या पायरीचा पत्ता लागू देत नसे, दुसरा मुलांशी चर्चा करून काम आखत असे, आणि तिसरा साहित्य देऊन बाजूला होत असे व विचारले तरच बोलत असे. हुकूम देणारा नेता खोलीबाहेर गेला की त्याच्या गटातील काम झपाट्याने मंदावे, तर चर्चा करणाऱ्याच्या गटात त्याच्या असण्यानसण्याने फारसा फरक पडत नसे. आवडीनिवडीचे म्हणाल, तर २० पैकी १९ मुलांना हुकूम देणाऱ्यापेक्षा चर्चा करणारा नेता आवडला. उरलेला विसावा मुलगा एका लष्करी अधिकाऱ्याचा होता. वर्गात हे सांगितले की मुले हसतात, पण आपल्याला कोणता साहेब रुचतो हे आपण घरून काय घेऊन आलो यावरही अवलंबून असते, एवढे त्यातून दिसते.

या प्रयोगातील चर्चा करणारा नेता सतत हजर असे, पर्याय सुचवत असे, चांगले काय आणि वाईट काय ते कारणासह सांगत असे. तिसरा नेता स्वभावाने वाईट नव्हता, तो मुळी नेतृत्वच करीत नव्हता. तुमच्या वर्णनावरून नवे साहेब बोलण्यात दुसऱ्याचे, परंतु वागण्यात बरेचसे तिसऱ्याचे वाटतात. सोमवारी मत विचारले जाते, ते खरे, पण त्या मतामुळे एखादा निर्णय बदलला असे एकही उदाहरण तुम्ही दिलेले नाही. ज्याला विचारलेच जात नाही, तो निदान गप्प राहून आपली आशा शाबूत ठेवतो. ज्याला दर आठवड्याला विचारले जाते आणि ज्याचे कधीच ऐकले जात नाही, त्याची आशाही जाते.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ओहायो राज्य विद्यापीठातील संशोधकांनी वरिष्ठांच्या वागणुकीची दोन स्वतंत्र अंगे मानली. काम, वेळ आणि अपेक्षा आखून देणे हे एक, आणि हाताखालच्या माणसाची कदर ठेवणे हे दुसरे. एक वाढले की दुसरे कमी झालेच पाहिजे, असे नाही. १९६२ मध्ये फ्लेशमन आणि हॅरिस यांनी ट्रक बनवणाऱ्या एका कारखान्यातील ५७ फोरमन आणि त्यांचे गट अभ्यासले. ज्या फोरमनांच्या वागण्यात कदर कमी होती, त्यांच्या गटांत तक्रारी आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण जास्त आढळले. ज्यांच्या वागण्यात कदर भरपूर होती, त्यांनी शिस्त वाढवली तरी तक्रारी विशेष वाढत नव्हत्या. थोडक्यात, कदर असेल तर लोक कडकपणा चालवून घेतात.

आता तुमच्या टॉर्चच्या प्रसंगाकडे पुन्हा पाहा. सर्वांसमोर झापणे गैरच होते आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. मात्र त्याच माणसाने गुडघ्यांवर बसून तुम्हाला काम शिकवले आणि दर महिन्याच्या २५ तारखेला तुमच्या पुढच्या तीस दिवसांची खात्री दिली. केप्याहून येणाऱ्या माणसाची पाळी न बदलणे ही कदरच आहे, मग ती ओरडून दाखवलेली का असेना. ‘तुम्ही’ म्हणणे, केक आणि उघडे दार यांना सौजन्य म्हणतात. सौजन्य हवेच, पण त्याने कदरीची जागा भरत नाही.

तुमच्या पाहणीच्या अर्जाबाबतही सांगते. समाधान ही एकसंध गोष्ट नाही. १९६९ पासून वापरात असलेल्या एका प्रसिद्ध मापनपद्धतीत प्रत्यक्ष काम, वेतन, बढती, देखरेख आणि सहकारी अशी पाच अंगे वेगवेगळी मोजतात. तुमच्या अर्जाने एकच विचारले आणि तेही ‘होय-नाही’त. साहेब आवडतात का, तर होय. कामाच्या दिवसावर आपला काही ताबा आहे का, हे कोणी विचारलेच नाही.

उत्तर : निळे ओळखपत्र

मी अशाच एका वसाहतीत कंत्राटदाराकडून काम करतो. कायम कामगारांचे ओळखपत्र पांढरे असते, आमचे निळे. मशीन तेच, पाळी तीच, साहेबही तेच. आमच्या साहेबांची शैली कोणती, याचा विचार करण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही, कारण माझी पाळी साहेब ठरवतात, पगार कंत्राटदार देतो, आणि रजेसाठी गेलो तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. मॅडमनी सांगितलेली दोन्ही अंगे एका माणसाकडे असतील तरच त्यांचा उपयोग आहे. येथे सौजन्याची, शैलीची आणि समाधानाची चर्चा चालू आहे ती पांढऱ्या ओळखपत्रवाल्यांची. आधी वेतन आणि कायमपणा यांवर बोलावे, मग शैलीवर.

उत्तर : फोंड्यातील अध्यापिका

तुमचा आक्षेप योग्य आहे आणि त्याला शास्त्रातही आधार आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापालांच्या मुलाखतींवरून असे मांडले की वेतन, कंपनीचे धोरण, देखरेख आणि कामाची परिस्थिती बिघडली तर असमाधान येते, पण ती सुधारली म्हणून समाधान येतेच असे नाही. ते येते कामातील यश, दाद आणि जबाबदारी यांतून. या मांडणीवर एक रास्त टीकाही झाली आहे. चांगल्याचे श्रेय माणूस स्वतःला देतो आणि वाईटाचे खापर साहेबावर किंवा कंपनीवर फोडतो, त्यामुळे आठवणी विचारून काढलेली ही विभागणी काही अंशी पद्धतीतूनच आलेली असू शकते.

फक्त क्रमाबाबत माझा मतभेद आहे. वेतन आधी आणि शैली नंतर असे ठरवले, तर वेतन वाढेपर्यंत रात्री नऊला पाळी बदलण्याची सवलत साहेबांना मिळत राहील. आणि तिचा सर्वांत मोठा फटका निळ्या ओळखपत्रालाच बसतो.

उत्तर : बारदेशकर

कांदोळी-कळंगुट पट्ट्यातील हॉटेलांत मी अठरा वर्षे हाउसकीपिंगमध्ये आहे, त्यांतील शेवटची सात वर्षे फ्लोअर सुपरवायझर म्हणून. औषधे आणि चादरी यांचा संबंध नाही, पण पाळीप्रमुखांनी मांडलेला पेच मला ओळखीचा वाटला.

आमच्याकडे राज्याबाहेरून येणारे व्यवस्थापक पहिल्याच आठवड्यात ‘सुशेगाद’ हा शब्द शिकतात. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत असा आहे. या मंडळींच्या तोंडी तो आळशी या अर्थाने येतो. डग्लस मॅकग्रेगर यांनी १९६० मध्ये सांगितलेले ‘एक्स’ गृहीतक, म्हणजे माणसाला मुळात काम नको असते आणि म्हणून त्याच्यावर पहारा हवा, हे आमच्याकडे या एका शब्दात आयते मिळते. एका व्यवस्थापकाने त्यावरून प्रत्येक खोलीची तीनदा तपासणी सुरू केली. अटेंडंट खोली लावणार, मी तपासणार, मग साहाय्यक व्यवस्थापक गादीच्या कडेवरून बोट फिरवणार. एका अटेंडंटच्या वाट्याला दिवसाला चौदा खोल्या असतात. तिसऱ्या तपासणीसाठी खोली अडकून पडली की पाहुणा लॉबीत ताटकळतो आणि रागावतो तो अटेंडंटवर. त्या हंगामात चांगल्या मुली भराभर गेल्या, आणि उरलेल्यांनी बाथरूममधला आरसा पुसणे सोडून दिले, कारण ‘कोणीतरी पाहणारच आहे’.

त्यांच्यानंतर आलेल्या बाई याही बाहेरच्याच होत्या. त्यांनी पहिला महिना काहीही बदलले नाही. नंतर पाच वर्षांहून जुन्या अटेंडंटना त्यांनी स्वतःच खोली ‘तयार’ म्हणून फ्रंट ऑफिसला कळवण्याचा अधिकार दिला, मध्ये मीही नाही. खरे सांगायचे तर मला ते आवडले नव्हते, कारण माझ्याकडील एक सही गेली. पण त्यांनी मला कारण सांगितले, आणि माझा वाचलेला वेळ नव्या मुलींना शिकवण्यासाठी वापरायचा हेही सांगितले. पेडण्याहून येणारी एक अटेंडंट, जी दहा वर्षांत मान वर करून बोलली नव्हती, ती दुसऱ्या आठवड्यात फ्रंट ऑफिसला फोनवर ‘अजून पंधरा मिनिटे खोली मिळणार नाही, पडद्याचा हूक तुटला आहे’ असे ठणकावून सांगताना मी ऐकली. पगार तोच होता.

मला मुख्यतः सांगायचे आहे ते रजेच्या प्रकरणाबद्दल. गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, रजा न देणारा साहेब कितीही सहभागी असला तरी हिंदू कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने तो साहेब संपला. म्हणून आमच्याकडे वर्षानुवर्षे एक सोयीचा रिवाज होता. चवथीला हिंदूंनी घरी जावे आणि ख्रिस्ती कर्मचाऱ्यांनी काम ओढावे, नाताळात याच्या उलट. ऐकायला अगदी न्याय्य. बाईंनी सर्वांना बसवून विचारले, तेव्हा कपडे धुण्याच्या विभागातील एका ज्येष्ठ ख्रिस्ती सहकाऱ्याने शांतपणे सांगितले, ‘चवथ येते ऑगस्ट-सप्टेंबरात, तेव्हा पाऊस असतो आणि निम्मे हॉटेल रिकामे असते, त्यामुळे तुम्हाला पाच-पाच दिवस मिळतात. नाताळ ऐन हंगामात येतो, आणि आम्हाला मिळतो तो एक दिवस, तोही डिसेंबरच्या पंधरा तारखेपर्यंत पक्का नसतो. ही अदलाबदल बरोबरीची कशी?’

खोलीत कोणी बोलेना. अठरा वर्षे मी त्या व्यवस्थेला सलोखा समजत होतो. पुढे दोन तास वाद झाला, काही कडू शब्दही निघाले. शेवटी असे ठरले की २४ डिसेंबरच्या संध्याकाळी सातपासून २५ च्या रात्रीपर्यंत ज्यांना मध्यरात्रीच्या मिसेला जायचे आहे त्यांना मोकळे करायचे, त्या वेळेत हिंदू कर्मचाऱ्यांनी दुप्पट भार घ्यायचा आणि नावे १ नोव्हेंबरला फलकावर लावायची. ओडिशा आणि आसामकडील मुलांनी त्याच बैठकीत स्वतःच्या सणांचा विषय काढला, आणि तो अद्याप सुटलेला नाही.

त्या बैठकीनंतर सगळे आनंदी झाले, असे मी म्हणणार नाही. काही जण अजून कुरकुरतात. मात्र पाळीप्रमुखांच्या सोमवारच्या बैठकीत लोक खाली पाहत बसतात आणि आमच्या बैठकीत भांडले, यातील फरक मला मोठा वाटतो. आमच्या बाईंकडे त्या दिवशी तयार पत्रक नव्हते. कागद कोरा होता आणि तो सगळ्यांना दिसत होता.

उत्तर : निवृत्त फोरमन, डिचोली

खाणीवर माझी तेहतीस वर्षे गेली. आमच्या वेळी शैली वगैरे शब्द नव्हते. मालकाला सगळे पात्रांव म्हणत. त्यांनी कोणाला मत विचारले नाही आणि विचारले असते तर आम्हीच गोंधळलो असतो. पण कोणाच्या मुलीचे लग्न कधी आहे, कोणाची आई म्हापशाच्या इस्पितळात आहे, हे त्यांना ठाऊक असे. कामगाराच्या घराचे छप्पर पावसाआधी शाकारले गेले नसेल तर कौले पोहोचत. आम्ही समाधानी होतो, आणि हे मी आठवणींच्या गोडव्याने म्हणत नाही. आमच्याकडचे लोक जास्त पगारावरही दुसऱ्या खाणीवर जात नसत.

माझे वडील भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणारे मुंडकार होते. १९७५ च्या कायद्याने मुंडकारांना घराबाबत संरक्षण मिळाले, तरी वडील शेवटपर्यंत भाटकाराच्या दारात चप्पल काढूनच उभे राहिले. खाणीवर गेल्यावर मला पात्रांव ओळखीचा वाटला, तो त्यामुळेच असावा. मॅडमच्या गोष्टीतील त्या लष्करी अधिकाऱ्याच्या मुलासारखाच मीही म्हणा.

या पद्धतीचा दोष आम्हाला कळला तो २०१२ मध्ये. सप्टेंबरात राज्य सरकारने खाणकाम थांबवले, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचीही स्थगिती आली. मग काही काळ थोडे काम सुरू झाले आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांवरचे काम मार्चपासून पुन्हा ठप्प झाले. ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, सारे बसले. पात्रांव वाईट नव्हते, पण आमचे काय होणार हे त्यांनी सांगितले नाही आणि विचारण्याची आम्हाला सवय नव्हती. तीस वर्षे ज्यांनी आमची सगळी काळजी वाहिली, त्यांच्यापुढे उभे राहून ‘आमचा हिशेब काय’ असे विचारताना माझी जीभ वळली नाही. माझ्यापेक्षा तरुण असलेल्या एका डंपर ऑपरेटरने ते विचारले, आणि तेव्हा मला त्याचाच राग आला होता. आज तो राग आठवला की स्वतःची लाज वाटते.

तेव्हा पाळीप्रमुख, जुन्या साहेबांबद्दल तुम्हाला वाटणारी ओढ मला समजते. फक्त ते तुम्हाला काय शिकवून गेले याबरोबर काय विचारू दिले नाही, याचीही एकदा यादी करा.

उत्तर : फोंड्यातील अध्यापिका

काका, तुम्ही लिहिले ते आमच्या पुस्तकांत फार उशिरा आले. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी १९८० मध्ये भारतीय कामगारांसाठी एक वेगळी शैली मांडली. हा वरिष्ठ माया करतो, पण ती कामाशी बांधलेली असते. जो मन लावून काम करतो त्याला अधिक आधार मिळतो, आणि माणूस तयार होत गेला की वरिष्ठाने मार्गदर्शन कमी करत त्याला निर्णयात ओढायचे असते. सिन्हांच्या मते वडीलधाऱ्या साहेबाची अपेक्षा करणाऱ्या आपल्या माणसाला पहिल्याच दिवशी सहभागी शैली दिली, तर त्याला ती साहेबाचा कमकुवतपणा वाटू शकते. तुमच्या पात्रांवांनी यातला पहिला भाग मनापासून केला. दुसऱ्याची, म्हणजे हात सोडण्याची, वेळ तेहतीस वर्षांत आली नाही. आणि पाळीप्रमुखांच्या नव्या साहेबांनी पहिला भाग न करताच हात सोडला.

उत्तर : पाळीप्रमुख, वेर्णा

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मॅडमच्या पहिल्या उत्तरानंतर मी एक काम हाती घेतले होते.

व्हॉट्सअ‍ॅप गटावरील गेल्या चार महिन्यांतील पाळीबदलाचे सर्व संदेश मी वहीत उतरवले. एकूण २६ बदल निघाले. प्रत्येकापुढे त्या दिवशी माल रवाना करण्याचे वेळापत्रक आमच्या विभागाला किती वाजता मिळाले होते, ते लिहिले. माझी समजूत अशी होती की वरून ऐनवेळी निरोप येतो, म्हणून साहेबांचा नाइलाज होतो. प्रत्यक्षात २६ पैकी १७ वेळा बदलाची गरज दुपारी बारापूर्वीच कळलेली होती. तरीही संदेश रात्री गेले.

हे कागद घेऊन मी साहेबांकडे गेलो. दार उघडेच होते. त्यांनी शांतपणे सगळे पाहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले की पाळी बदलल्याचे तोंडावर सांगितले की माणसाचा चेहरा उतरतो, ते त्यांना पाहवत नाही, म्हणून दिवसभर टाळाटाळ होते आणि रात्री संदेश जातो. दीड वर्षांत ते माझ्याशी इतके मोकळेपणाने प्रथमच बोलले. त्यांच्या गोडपणामुळेच उशीर होत होता, हे माझ्या ध्यानात कधीच आले नसते. आणि यात माझाही वाटा आहे. ते संदेश पाळीच्या गटावर पुढे पाठवणारा मीच होतो. खाली हात जोडल्याचे चिन्ह लावायचो आणि फोन बंद करून झोपायचो.

निळे ओळखपत्र यांना सांगतो की त्या २६ पैकी १९ बदल कंत्राटी हेल्परांच्या वाट्याला आले होते. हे मोजेपर्यंत मला दिसले नव्हते. तो आकडाही मी साहेबांपुढे ठेवला. कंत्राटदाराशी बोलतो, एवढेच ते म्हणाले, त्यामुळे त्या बाबतीत अद्याप काहीही झालेले नाही.

पाळीपुरते असे ठरले आहे की पहिल्या पाळीची बस दुपारी सव्वातीनला सुटते, त्यापूर्वी दुसऱ्या दिवसाचा बदल फलकावर लागला तर लागला, त्यानंतर करायचा झाल्यास साहेबांनी त्या माणसाला स्वतः फोन करून विचारायचे आणि त्याने नाही म्हटले तर ते मान्य करायचे. पहिल्या आठवड्यात दोनदा नियम मोडला. काल दुपारी मात्र पावणेतीनच्या सुमारास साहेब स्वतः फलकापाशी येऊन उभे राहिले आणि शनिवारची एक पाळी बदलावी लागत असल्याचे त्यांनी कारणासह सांगितले. ज्याची पाळी होती त्या ऑपरेटरने सगळ्यांसमोर, ‘सर, शनिवारी जमणार नाही, घरी सत्यनारायण आहे,’ असे सांगितले. साहेबांच्या आधी माझाच चेहरा उतरला. त्यांनी मान हलवली आणि दुसरे कोणी येऊ शकेल का असे विचारले, पण कोणी हात वर केला नाही. बसची वेळ झाली म्हणून लोक निघाले. शनिवारी त्या मशीनवर कोण, हे आज दुपारपर्यंत ठरायचे आहे.